तान्ह्या पोळ्याचा चालता नंदी : बॅटरी आणि चार्जिंगच्या नोंदी

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचं गाव. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पोरगी सातवीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात पोरं लाकडी नंदी मिरवतात. तिच्या वर्गातल्या पोट्ट्यांनी ठरवलं की यंदा तान्ह्या पोळ्याला नंदी दोरीने ओढायचा नाही, आपला आपण चालणारा लाकडी नंदी न्यायचा. मिरवणूक झाली की त्याने शाळेत परत येऊन स्वतःच चार्जिंगला लागायचं, ही अटही त्यांचीच. लाकूड, चाकं, प्रोग्राम यांत फार अडलं नाही. वेळ आणि पैसा खाल्ला तो बॅटरीने. म्हणून इथे फक्त तिच्याच नोंदी आहेत. कोणाला असंच काही करायचं असेल तर आमचे गेलेले दिवस त्याचे वाचावेत.

४ मे

नंदी सागाचा, सुतारकाकांनी कोरलेला. खाली १२ एमएम प्लायचा पाट. मागे १२ व्होल्टच्या दोन गिअर मोटरा, ६० आरपीएमच्या; पुढे एक फिरतं चाक. बॅटरी सोडून वजन ८ किलो २०० ग्रॅम. डोकं म्हणून अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड.

दुकानात कम्प्युटरच्या यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर गुणिले किती तास) लेड बॅटरी पडली होती. मीटरवर १२.७ दाखवत होती, म्हणून तीच बसवली. नंदी अंगणात चालला, पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सतराव्या मिनिटाला तो जागच्या जागी थांबला.

बिनलोडचं व्होल्टेज पाहून बॅटरी चांगली आहे असं धरलं, ही पहिली चूक. मोटरा फिरत असताना मोजलं तर १०.९. प्लेटा सल्फेट होऊन बसल्या होत्या. नवी आणायचा विचार केला, पण ७ एएच हा आकडा २० तासांत हळूहळू काढली तर मिळतो, म्हणजे ०.३५ अँपिअरने. आपण दोन अँपिअर ओढणार, तर हाती कमीच येणार. वजनही दोन किलोच्या वर. सोडून दिली.

५ मे

हे मोजमाप कालच करायला हवं होतं. डीसी क्लॅम्प मीटर लावून पाहिलं. दोन्ही मोटरा मिळून फरशीवर १.१ अँपिअर, अंगणातल्या मातीवर १.६, मुरमाच्या रस्त्यावर २.२. चाक हाताने धरून ठेवलं तर एका मोटरचे ४.८, म्हणजे दोन्ही अडकल्या तर साडेनऊच्या वर. नुसता उभा असताना ०.२५.

मिरवणूक शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत, थांबत थांबत जवळपास तीन तास. निम्मा वेळ चालेल असं धरलं तर साडेतीन एएच लागतील. म्हणजे पॅक पाच-सहा एएचचा हवा आणि त्यातून क्षणभर दहा अँपिअर निघायला हवेत. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर उभं आहे.

१० मे

भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या तीन मेलेल्या बॅटऱ्या आणल्या, प्रत्येकी ६० रुपये. फोडल्यावर १८६५० मापाचे १८ सेल निघाले. सात दोन व्होल्टच्याही खाली होते, ते बाजूला टाकले. इतका खाली गेलेला लिथियम सेल पुन्हा भरू नये. भरला तरी आत काय बिघडलं आहे ते बाहेरून दिसत नाही. उरलेले अकरा भरून दोन दिवस ठेवले, त्यातले दोन आपोआप उतरले. नऊ उरले.

एकेक सेल ३.३ ओहमच्या दहा वॅटच्या रेझिस्टरवर लावून ३ व्होल्टपर्यंत किती मिनिटं चालतो ते वहीत लिहिलं. सगळ्यात चांगला १९०० एमएएच, सगळ्यात वाईट ११००. एकेकाला तास-दीड तास. या मोजणीतच चार दिवस गेले.

१५ मे

सहा सेलांचा पॅक बांधला, दोन-दोनच्या तीन जोड्या. स्पॉट वेल्डिंग मशीन नाही, म्हणून ६० वॅटच्या सोल्डरने थेट सेलवर पट्ट्या जोडल्या. वाइंडिंगच्या कामात हात बसलेला असल्यामुळे डाग सुरेख आले. पण सेलच्या टोकाला इतका वेळ उष्णता देणं चुकीचंच होतं. त्याच्या आत प्लास्टिकचं सील असतं.

चार्जरच्या जागी एलईडी पट्टीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावला. त्याचा दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकू लागला. रिकामा पॅक ९.६ व्होल्टवर होता. तो मिळेल तेवढा करंट ओढत होता, आणि अ‍ॅडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद-चालू होत होता. लिथियमच्या चार्जरने आधी करंट बांधून ठेवायचा असतो आणि शेवटी व्होल्टेज. अ‍ॅडॅप्टरला त्यातलं फक्त व्होल्टेज येतं. तेही १२, आणि तीन सेलांना लागतं १२.६.

१७ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

१२.६ व्होल्टचा चार्जर एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून उसना आणला. दुपारी दोन वाजता लावला. दुकानावर टिनाचं छप्पर. आतलं तापमान मीटरच्या थर्मोकपलवर ४४. चाळीस मिनिटांनी पॅकला हात लावला तर बाकी सेल गरम, पण मधल्या जोडीतला एक चटका देत होता. थर्मोकपल टेकवला : ५८. चार्जर काढला आणि पॅक उचलून बाहेर रेतीच्या घमेल्यात ठेवला. ठेवून हात मागे घेतो तोच बारीक ‘हिस्स’ आवाज आला आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास सुटला. त्या सेलच्या टोपीखालून ओलसर डाग पसरत गेला. जाळ झाला नाही. संध्याकाळपर्यंत घमेलं अंगणाच्या मध्ये तसंच राहू दिलं आणि पोरांना ओट्यावरून खाली उतरू दिलं नाही.

लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर भरायचा नसतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या जवळ जातो. टिनाखाली सेल न भरताही त्या मर्यादेवर बसलेला असतो, मग भरताना त्याची स्वतःची उष्णता जायची कुठे? पुण्या-मुंबईच्या माणसाला जे चालून जातं ते इथे दुपारी दोन वाजता चालत नाही. शिवाय सेल जुना, सोल्डरने भाजलेला, आणि जोडीदाराशी क्षमता न जुळणारा. सगळं एकत्र आलं.

बीएमएस, म्हणजे सेल जास्त भरले किंवा उतरले की तोडणारा बोर्ड, होता, पण १२० रुपयांचा. नंतर भिंगाखाली पाहिला तर त्यावर बॅलन्सचे, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणारे, रेझिस्टर बसवलेच नव्हते, जागा मोकळ्या होत्या. तापमानाचा सेन्सर तर त्याला नव्हताच.

जुने सेल बंद. पोरगी म्हणाली, ‘‘बाबा, आता नंदी नाही होत काय?’’ होईल, म्हणालो. पण आता नवे सेल आणायचे, आणि पहिल्यांदा काहीही भरताना पोट्टे जवळ नकोत.

२१ मे

नागपूरला सीताबर्डीत गेलो. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस.

३२६५० मापाचे लिथियम फॉस्फेट सेल घेतले, ६ एएचचे, ३२० रुपयांना एक, असे चार. गावच्या सोलर पथदिव्यांच्या डब्यांत हेच सेल असतात. ते दिवे दुरुस्त करताना हे उन्हात वर्षानुवर्षं टिकलेले पाहिलेत, म्हणून यांच्यावर भरवसा. बिघडले तरी हे साध्या लिथियम-आयनसारखे लवकर भडकत नाहीत. चार ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट, मोटरांना नेमके. चारही मिळून वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. मुख्य म्हणजे याला स्क्रूची टोकं मिळतात. वेल्डिंग नको, सोल्डर नको, पाना लावून पट्टी कसायची.

चार सेलांचा बीएमएस ४८० (बॅलन्सचे रेझिस्टर दुकानातच मोजून घेतले), १४.६ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर ६५०.

२३ मे

पॅक कसून चार्जर लावला. १३.९ व्होल्टला बीएमएसने तोडलं. एकेक सेल मोजला : तिसरा ३.६६ वर पोचलेला, बाकीचे तीन ३.४ च्या आसपास. नव्या सेलांची पातळी सारखी असेल असं धरलं होतं. दुकानातून येताना ती सारखी नसते.

पॅक सोडला. चारही सेल समांतर जोडले, म्हणजे सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र. व्होल्टेज-करंट दोन्ही बांधता येणाऱ्या छोट्या मॉड्यूलवर ३.६ व्होल्ट, २ अँपिअर लावून ठेवलं. रात्री नऊ ते दुसऱ्या दिवशी सकाळ उलटेपर्यंत, करंट जवळजवळ शून्यावर येईस्तोवर. मग पुन्हा ओळीने बांधला. आता चौघांत व्होल्टच्या शंभराव्या हिश्श्याचा फरक आहे. हे काम पहिल्यांदाच करून घ्या, एका रात्रीचं आहे.

क्षमता मोजायला गाडीचा ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब लावला. २.८ अँपिअरवर दोन तास दोन मिनिटं पेटला. ५.७ एएच. विकणाऱ्याने ६ सांगितले होते, ठीक आहे.

२६ मे

कालपासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. नंदीच्या पोटात पॅक, वरून झूल घातलेली, हवा फिरायला जागा नाही. सावलीत उभ्या नंदीच्या पॅकचं तापमान ४९. चार्ज करायचा प्रश्नच नाही.

तीन गोष्टी केल्या. पाटाला खालून एक इंचाची सहा भोकं पाडली. पॅक लाकडाला चिकटवला होता तो काढून दोन पट्ट्यांवर अधांतरी बसवला. आणि सेलांच्या मध्ये १० के चा थर्मिस्टर खोचून नॅनोला जोडला : ४२ च्या वर असेल तर चार्जिंगचा रिले (विजेवर चालणारा स्विच) लागणारच नाही. ४५ ऐवजी ४२, कारण सेन्सर बाहेर आहे आणि उष्णता आत.

चार्जिंगची वेळ पहाटे चार ते सहा ठेवली. तेव्हा पॅक ३३-३४ वर असतो. एकदा कूलरसमोर ठेवून पाहिला. तापमान उतरलं खरं, पण तासाभरात बीएमएसच्या पट्टीवर दमटपणाचा पदर दिसला. पुन्हा नाही केलं.

३ जून

नंदी आता चालतो, पण मोटरा मरगळलेल्या वाटत होत्या. पॅकवर १३.१, मोटरवर १०.८. मधले सव्वादोन व्होल्ट एल२९८एन ड्रायव्हर, म्हणजे नॅनोच्या सांगण्यावरून मोटरांना वीज सोडणारा बोर्ड, खात होता, आणि त्याची उष्णता बरोबर पॅकच्या शेजारी. जुन्या पद्धतीचा चिप आहे तो, स्वस्त म्हणून सगळे तोच लावतात. बॅटरीतली सहावा हिस्सा ताकद त्याच्या हीटसिंकवर जात होती. मॉसफेटचे बीटीएस७९६० मॉड्यूल मागवले, प्रत्येक मोटरला एक. कुरिअर तालुक्यापर्यंतच येतं, तिथून आणायला अर्धा दिवस.

आता फरशीवर चालताना ड्रायव्हर कोमटही होत नाही.

११ जून

नवीनच तक्रार : दोन्ही मोटरा एकदम सुरू झाल्या की नॅनो रिसेट होतो आणि नंदी एक पाऊल टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दोन दिवस प्रोग्राममध्ये शोधलं. दोष तारेत होता. दारावरच्या घंटीची बारीक तार पॅकपासून ड्रायव्हरपर्यंत, दोन वेळा पीळ देऊन जोडलेली. सुरू होतानाचा आठ-नऊ अँपिअरचा झटका आला की व्होल्टेज तिथेच कोसळायचं. पाच एचपीच्या मोटरला बारीक केबल लावून आणणाऱ्या शेतकऱ्याला मी रोज हेच सांगतो. बारा व्होल्टलाही तेच लागू आहे, उलट जास्तच. एक व्होल्ट गेला की बारावा हिस्सा गेला.

दीड स्क्वेअर एमएमची मऊ तार घातली. नॅनोचा ५ व्होल्टचा कन्व्हर्टर थेट पॅकवरून वेगळ्या तारेने घेतला, त्याच्या आधी करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मोटरांना वीज एकदम पूर्ण न देता अर्ध्या सेकंदात चढती दिली. त्यानंतर एकदाही रिसेट नाही.

१९ जून

रात्री विजा झाल्या. चार्जर बोर्डात तसाच होता. सकाळी मेलेला, आतला फ्यूज आणि त्यामागचा सगळा भाग काळा. ६५० रुपये. डीपी (ट्रान्सफॉर्मर) आमच्या घरापासून तिसऱ्या खांबावर आहे, माहीत असून विसरलो. आता ढग दिसले की पिन काढायची, हे पोट्ट्यांनी पाठ केलंय.

नवा चार्जर ७०० ला, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला पाहून. आमच्याकडे संध्याकाळी १७० पर्यंत उतरतं, तिथे फक्त २२० लिहिलेला चार्जर चाचपडतो.

२३ जून

आज शाळा उघडली. विदर्भात उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते. सरांनी वर्गाचा कोपरा दिला, तिथे नंदीचा गोठा म्हणजे चार्जिंगची जागा करायची.

६ जुलै

बॅटरी उतरली की परत फिर, हे नंदीला कसं कळवायचं? व्होल्टेजवर ठेवलं होतं, १२.८ च्या खाली गेला की गोठ्याकडे. पण फॉस्फेट सेलचं व्होल्टेज भरलेल्यापासून जवळजवळ संपेपर्यंत सपाट असतं. १३.२, १३.१, १३.० असं तासन्‌तास, आणि मग एकदम कडा. शिवाय मोटर चढली की क्षणभर १२.७, थांबली की पुन्हा १३.१. नंदी व्हरांड्यात तीनदा उगाच परत आला आणि चौथ्यांदा खरोखर संपला तेव्हा पायरीपाशी मेला.

म्हणून करंट मोजून हिशेब ठेवायचा. एसीएस७१२ सेन्सर, २० अँपिअरचा. गेलेले एएच नॅनो जोडत जातो, ४.२ झाले की परत. पहिले दोन दिवस हिशेब चुकत होता, नंदी उभा असतानाही ०.३ अँपिअर जास्त दाखवायचा. सेन्सर मोटरला खेटून बसवला होता. हा सेन्सर तारेभोवतीच्या चुंबकत्वावरून मोजतो, आणि मोटरच्या आत कायमचे चुंबक. पाटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि आकडा जागेवर आला.

१३ जुलै

चार्जिंगचे संपर्क कुठे द्यायचे यावर बरीच चर्चा. मी पोटाखाली म्हणत होतो. एक मुलगा म्हणाला, ‘‘काका, शिंगांले शेंब्या लावतोच ना आपण. त्याच्यातूनच देऊ न करंट.’’ शिंगांच्या टोकांवरच्या पितळी टोप्या म्हणजे शेंब्या, दोन शिंगं, एक प्लस एक मायनस. मला हे मनापासून पटलं. उंचावर असल्यामुळे चिखलही लागणार नाही.

गोठ्याच्या भिंतीला दोन उभ्या पट्ट्या. पंपाच्या जुन्या स्टार्टरमधल्या तांब्याच्या पट्ट्या वापरल्या, मागे स्प्रिंग. शिंगांच्या टोकांत १४ सेंटीमीटर अंतर, पट्ट्या ६ सेंटीमीटर रुंद. त्यामुळे नंदी जवळपास तीन सेंटीमीटर डावा-उजवा आला तरी चालतं. फरशीवर काळी टेप, ती पाहत तो येतो. वीस वेळा सोडला, सोळा वेळा लागला. जे चार चुकले ते टेप दमटपणाने उचलल्यामुळे. टेप काढून काळ्या ऑइल पेंटचा पट्टा मारला.

२० जुलै

लाईन गेली तरी चार्जरचा हिरवा दिवा पेटलेलाच राहतो. पॅकमधून उलटा करंट चार्जरमध्ये जातोय, १८ मिलिअँपिअर. रात्रभरात फार नाही, पण चार दिवस सुटी आली तर दीड एएचच्या वर. मध्ये डायोड टाकायला हवा. आणला, पण बसवायचा राहिला.

२ ऑगस्ट

तो राहिलेला डायोड आज महाग पडला.

मधल्या सुटीत मुलींनी नंदी सजवायला घेतला. शिंगांना बेगड गुंडाळली आणि एका शिंगावरून कपाळावर मठाटीसारखी आणून दुसऱ्या शिंगावर नेली. शेंब्यांना पॅक थेट जोडलेला होता. दुसऱ्या टोकाला बेगड टेकली आणि फट्‌ आवाज, निळी ठिणगी, कपाळावर काळी रेघ. बीएमएसने तोडलं, पण तोवर शिंगातून गेलेल्या तारेचं कव्हर वितळलं. कोणाला इजा नाही. एका मुलीच्या बोटाला बेगडीची राख लागली होती, ती ते बोट धरून बराच वेळ उभी होती. तिला जवळ घेऊन सांगितलं की चूक तुझी नाही, माझी आहे. शिंगं जिवंत ठेवायलाच नको होती.

संध्याकाळी घरी न जाता तिथेच बसून काम केलं. पॅकच्या प्लसवर, अगदी सेलजवळ, १० अँपिअरचा फ्यूज. हा पहिल्या दिवशी लागायला हवा होता. शेंबीच्या तारेत पाच अँपिअरचा शॉटकी डायोड : करंट आत येऊ शकतो, बाहेर जाऊ शकत नाही. गोठ्याच्या बाजूला मायक्रो स्विच आणि रिले. नंदीचं कपाळ स्विचला दाबलं की एक सेकंदाने पट्ट्यांवर वीज, एरवी त्या मेलेल्या. त्यामुळे टेकताना ठिणगीही पडत नाही. मग मी स्वतः दोन्ही शेंब्यांना ओला हात लावून मुलींना दाखवलं, एकीलाही लावायला सांगितलं. तीच मुलगी पुढे आली.

डायोडचा एक तोटा आहे. तो थोडं व्होल्टेज खातो, त्यामुळे शेवटी पॅकवर १४.३ च पोचतात. सेल भरतात, पण माझ्या बोर्डाचं बॅलन्सिंग ३.६ ला सुरू होतं आणि सेल ३.५८ वर थांबतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी डायोड टाळून चार्जर थेट पॅकला लावायचा. कॅलेंडरवर खुणा केल्यात.

९ ऑगस्ट

आठवडाभर झड. चार्जिंग व्हायला दुप्पट वेळ लागू लागला. ‘‘काका, शिंगं गरम लागून राह्यली,’’ असं मुलांनी सांगितलं म्हणून मोजलं. शेंबी आणि पट्टी यांच्यामध्ये ०.७ व्होल्ट पडत होते. पितळेवर काळपट थर आला होता. मुलांनी घरी देवाची भांडी घासतात तशी चिंचेने घासून लखलखीत केली. दुसऱ्या दिवशी त्यावर हिरवट. चिंच नीट धुतली नव्हती, आंबटपणा फटीत राहिला.

आता घासल्यावर साध्या पाण्याने दोनदा धुवून कापडाने कोरडी करायची. त्याहून कामाचं म्हणजे नंदी टेकल्यावर त्याला दोन सेंटीमीटर मागे-पुढे करायला लावलं, शिंग पट्टीवर घासतं आणि थर आपोआप निघतो. आज ०.०८ व्होल्ट.

१७ ऑगस्ट

पूर्ण सराव. शाळा ते देऊळ ते शाळा, २ तास ४० मिनिटं, ३.१ एएच. वाटेत काळ्या मातीचा चिखल चाकांना चिकटला तेव्हा मोटरा साडेतीन अँपिअरवर गेल्या. देवळासमोरच्या तीस पावलांतच. तिथे नंदीला उचलून न्यायचं ठरलं.

खर्चही आज मांडला. नंदीत आणि गोठ्यात आहे ते : सेल १२८०, बीएमएस ४८०, चार्जर ७००, ड्रायव्हर ७६०, सेन्सर १४०, कन्व्हर्टर ९०, तारा-फ्यूज-कनेक्टर ३१०, गोठ्याचा रिले-स्विच १९०. एकूण ३९५०. वाया गेलं ते : भंगारातले सेल १८०, पहिला बीएमएस १२०, एल२९८एन १६०, विजेत गेलेला चार्जर ६५०. एकूण १११०. मोटरा, लाकूड आणि एसटीचं भाडं यात नाही.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

काल मोठा पोळा झाला. आज दुपारी चारला निघालो. पुढे पोट्ट्यांचे लहान-मोठे नंदी, मध्ये हा. घुंगरमाळ घातलेली, शिंगांना बेगड. घरोघरी थांबला, पोरांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळाला. एका म्हातारीने खऱ्या बैलासारखे त्याच्या पाटावर पाणी घालून पाय धुतले. मी श्वास रोखून उभा होतो. भोकं खालच्या बाजूने होती म्हणून पाणी आत गेलं नाही.

२ तास ५० मिनिटं, ३.३ एएच. पॅक ३९ अंश.

शाळेत परतल्यावर पहिल्यांदा गोठ्याची रेघ चुकली, चाकांना चिखल होता. मुलांनी चाकं पुसली. दुसऱ्यांदा शिंगं टेकली, नंदी थोडा मागे-पुढे झाला, रिलेचा ‘टक्‌’ आवाज आला, मीटरवर २.८. दहा मिनिटांत लाईन गेली. अकराच्या सुमारास आली तेव्हा शिपाईकाकांनी फोन करून सांगितलं, नंदीच्या गोठ्याचा दिवा पेटला.

३१ ऑगस्ट

रोज वापर नसेल तेव्हा पॅक पूर्ण भरलेला ठेवायचा नाही, रिकामाही नाही. हेडलाइटचा बल्ब लावून निम्मा उतरवला. किती एएच गेले त्यावरून, व्होल्टेजवरून नाही. चारही सेल मोजले : ३.२९, ३.२९, ३.२९, ३.३०. फ्यूज काढून चिकटपट्टीने पॅकवरच लावला, तारीख लिहिली, आणि पॅक नंदीतून काढून शाळेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला. वरची फळी टिनाजवळ आहे.